नवरदेवाच्या चाकूचा खटका

"माणूस सुसंस्कृत केव्हा झाला? आग पेटवली तेव्हा नाही. चाक फिरवलं तेव्हाही नाही. ज्या दिवशी त्याने धारदार पातं बनवलं, आणि काम झाल्यावर ते मुठीत मिटवून खिशात ठेवलं, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला. पातं केव्हा उघडं राहावं आणि केव्हा मिटावं, हे माणूस ठरवतो. चाकू ठरवत नाही!"

नवरदेवाचे मामा लक्ष्मीचंद भर मंडपात नवरदेवाचा चाकू धरलेला हात आपल्या हाताने उंचावून हे बोलले, आणि चाकूने तेवढ्यात ठरवलं. पातं मिटलं. टोकाला टोचलेलं लिंबू उडालं ते कढीच्या गंजात जाऊन पडलं, आणि मामांच्या बोटाला संस्कृतीने चांगलाच चावा घेतला. लग्नघर होतं, त्यामुळे जखमेवर लावायला हळद शोधावी लागली नाही.

आमच्या पोवारांच्या लग्नात नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार येते आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू. लग्न लागेपर्यंत ती हातची सोडायची नाही. जेवताना डाव्या हातात, झोपताना उशाशी. इतर प्रसंगी कशी धरायची हे प्रत्येक नवरदेव आपापलं शोधून काढतो. त्याबाबत वडीलधारे काही सांगत नाहीत. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात धड म्हणावी अशी कट्यार एकच, पाटलांच्या घरची. लग्नसराईत ती घरोघर फिरते. पण यंदा मे महिन्यातल्या शेवटच्या तिथीला गावात इतकी लग्नं निघाली की आमच्या नवरदेवाची, टिकेशची, पाळी येण्याआधीच कट्यार दुसऱ्याच्या वरातीबरोबर बालाघाटकडे निघून गेली.

तेव्हा मामांनी खिशातून आपला घडीचा चाकू काढला. जबलपूरहून आणलेला, पितळी मुठीचा. आजवर त्याने आंब्याशिवाय कोणावर वार केलेला नव्हता. मुठीच्या आत एक पातळ पोलादी पट्टी होती. पातं पूर्ण उघडलं की ती सरकून पात्याच्या टाचेमागे उभी राहायची, दाराला अडसर लावावा तशी. मिटवायचं तर अंगठ्याने पट्टी बाजूला सारायची. हा खटका मामांनी आम्हा सगळ्यांना अनेकदा समजावून सांगितला होता. पट्टीला तेवढं कोणी समजावलं नव्हतं.

"दुसरा चाकू आणा ना," मी म्हणालो. मी नवरदेवाचा काका. माझ्या सूचना घरात आदराने ऐकतात आणि मग विसरतात.

"दुसरा?" धनवंता आत्या हळदीची वाटी घेऊन पुढे आल्या. नवरदेवाची आत्या म्हणजे लग्नापुरतं सुप्रीम कोर्ट. "हळद लागली ना या चाकूले? नवरदेवासंगं लागली. आता नवरदेव बदलवता का?"

"नवरदेव बदलवला त चाकूचा प्रश्न सुटते," दुलीचंद जवाई म्हणाले. हे टिकेशच्या बहिणीचे यजमान. मामा ज्याच्या बाजूने असतील त्याच्या विरुद्ध असायचं, हे त्यांनी लग्न झाल्यापासून पाळलेलं व्रत आहे.

टिकेश हळदीच्या पाटावर पिवळाधमक होऊन बसला होता. त्याने तोंड उघडलं. "मामा, मले वाटते..."

"नवरदेवानं बोलू नाई," आत्या म्हणाल्या. त्यांनी कढीतलं लिंबू धुऊन पुन्हा टोकाला टोचलं, आणि पडझडीची भरपाई म्हणून चाकूला नव्याने हळद-तेल लावलं. मुठीपासून टोकापर्यंत, दोन्ही अंगांनी, लेकराला न्हाऊ घालावं तसं.

आता, चाकू मिटला तर मिटला, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही सुखवंता आजींना ओळखत नाही. आम्हीही ओळखत नव्हतो, ऐकून होतो. ती नवरीची आजी. चिचगडच्या अलीकडे त्यांचं गाव आहे. थोरल्या नातीच्या लग्नात नवरदेवाचं लिंबू वेशीवर पडलं, तर या बाईने रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "आज नाई." वरात परत गेली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर लागलं. ही हकीकत मामांनी कुणाच्या तरी तेराव्याला ऐकली होती, म्हणजे पक्की होती.

आणि आमच्या टिकेशला तुळशीच्या लग्नापर्यंत थांबवणं शक्य नव्हतं. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये तो सुपरवायझर. चौतिशी गाठली होती. नोकरी प्रायव्हेट म्हणून मुली नाही म्हणत, मुली हो म्हणाल्या तर बाप नाही म्हणत, आणि दोघे हो म्हणाले तर पत्रिका नाही म्हणत असे. मग योगेश्वरी भेटली. चिचगडला नर्स आहे. पाहायला गेलो तेव्हा टिकेशने तिला विचारलं, "तुम्हाले काही विचारायचं आहे का?" असं विचारणारा तो पहिलाच मुलगा म्हणून तिने तिथल्या तिथे होकार दिला. तेव्हापासून हा माणूस फोनकडे पाहून एकटाच हसतो. मिलमधल्या हमालांनीही त्याची सवय करून घेतली आहे. हे हसू लिंबामुळे कार्तिकापर्यंत पुढे ढकललं जाणार, या कल्पनेने मीच पंचांग उघडून बसलो होतो. त्याच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. नवरदेवाने बोलू नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही निघालो. वऱ्हाड आणि बँड बसमध्ये, नवरदेव बोलेरोत. पुढे ड्रायव्हर गुलशन आणि मामा. मधल्या सीटवर आत्या, टिकेश आणि दुलीचंद. मागे मी, लाडवांचे डबे आणि नवरीला द्यायचं सामान. टिकेशने हात समोर ताठ धरला होता आणि लिंबू गिअरच्या वर डोलत होतं.

गोंदियापर्यंत चाकू सभ्य माणसासारखा वागला. गोरेगाव ओलांडलं आणि गुलशनला एक स्पीडब्रेकर उशिरा दिसला. गाडी उडाली, चाकू मिटला, लिंबू सीटखाली गेलं.

"बोट! बोट पहा त्याचं!" मी ओरडलो.

"बोट हाय," टिकेश म्हणाला. "मी आधीच काढून ठेवलं होतं. मले माहीतच होतं, कारण..."

"बोलू नको," आत्या म्हणाल्या.

दुलीचंद सीटखाली डोकं घालून लिंबू शोधू लागले. तिथूनच त्यांचा आवाज आला. "मामाजी, गाडीत टेप हाय. काळी. गुंडाळून टाका मुठीले, विषय खतम."

"हत्याराले बांधलं म्हणजे नवरदेवाले बांधलं," आत्या म्हणाल्या. "जन्मभर बायकोसमोर हात बांधून उभा राहील मंग."

"म्हणजे आमच्या लग्नात माझ्या कट्यारीले कोणी बांधलं होतं का?" सीटखालून दुलीचंदांनी विचारलं. आत्यांनी त्यांना लिंबाची आठवण करून दिली.

लिंबू सापडलं. आत्यांनी ते पुसलं, टोचलं आणि चाकूला हळद-तेल लावलं. जवसाचं घाण्याचं तेल, ताजं. सगळ्या बोलेरोत दरवळ सुटला.

कोहमाऱ्याला ढाब्यावर चहाला थांबलो तेव्हा बस आधीच पोचली होती. 'चाकू बिघडला' ही बातमी बसमध्ये शिरली आणि 'नवरदेवाला चाकू लागला' होऊन बाहेर आली. बायका रडतच उतरल्या. त्यांना टिकेशची दहाही बोटं दाखवावी लागली. मग रडं थांबलं आणि सल्ले सुरू झाले.

खाटेवर गमछा अंथरून त्यावर चाकू ठेवला गेला. आत्यांनी गमछ्याचं एक टोक टिकेशच्या हातात दिलं, म्हणजे चाकू हातचा सुटला असं होत नाही. भोवती वऱ्हाड, त्यामागे बँडवाले, त्यामागे रायपूर-नागपूर करणारे ट्रकवाले, आणि सर्वांत मागे एक कुत्रं, ज्याला लाडवांचा वास आला होता. उत्साह असा की लग्न इथेच उरकतं की काय असं वाटावं.

गुलशनने पाना-पेटी आणली. "स्क्रू ढीला है, काकाजी," तो म्हणाला आणि पात्याच्या मुळातला स्क्रू आवळला. पातं उघडलं. खट्! आवाज छान आला. पात्याची पाठ त्याने ट्रकच्या टायरवर आपटली. मिटलं नाही.

"झालं!" मामा ओरडले. बँडवाल्यांनी हुकमाची वाट पाहिली नाही. ढोल, ताशा, पिपाणी एकदम सुरू झालं. दुलीचंदांची बायको नाचायला लागली म्हणून दुलीचंदही नाचले. आत्यांनी डोळे पुसले, देवाचं नाव घेतलं आणि चाकूला हळद-तेल लावलं. टिकेशने तो हातात घेऊन जरा झुलवला, आणि पातं मुकाट्याने मिटलं. पिपाणी अर्ध्या सुरावर अडकली.

"स्क्रूचा प्रश्नच नव्हता," मामा म्हणाले. "पट्टी थकली आहे. तिला जरा आतल्या बाजूला वाकवायला पाहिजे."

"तुमच्या जबलपूरच्या मालाले आतून, बाहेरून कुठूनबी वाकवा," दुलीचंद म्हणाले.

"जवाईबापू, तुमच्या लग्नात घड्याळ दिलं होतं मी. ते अजून चालून राहिलं ना?"

"चालून राहिलं. पण वेळ वेगळी दाखवते."

मामांनी पकडीने पट्टी वाकवली. पातं उघडलं. खट्! टायरवर आपटलं. एका ट्रकवाल्याने स्वतः येऊन आपटलं. "अब ठीक है, एकदम पक्का," त्याने निकाल दिला. पुन्हा बँड. या वेळी ट्रकवालेही नाचले. एकाने तर ट्रकचा भोंगा तालात वाजवला. आत्या वाटी घेऊन पुढे आल्या, पट्टीच्या दोन्ही बाजूंनी चांगलं बोट फिरवलं, तेल मुठीतून ठिबकेपर्यंत लावलं. टिकेशने हात पुढे केला. पातं मिटलं.

बँड यावेळी आपोआप थांबला. बँडमास्तर मला म्हणाला, "काकाजी, नक्की ठरवा बाप्पा. पोरांचे ओठ सुजून राहिले."

मामा खाटेवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भाषण नसलेलं पाहिलं. "सूर्य कलून राहिला," ते म्हणाले. "आता फोन करून सांगावं का त्यांले?"

"काय सांगता?" दुलीचंद म्हणाले. "का आमचा नवरदेव चांगला हाय, चाकू मिटून राहिला?"

"मी सांगू का?" टिकेश म्हणाला.

"नवरदेवानं..." आत्यांनी सुरू केलं.

"मंग मुका नवरदेव काऊन नाई शोधला?"

टिकेश उभा राहिला होता. मुंडावळ्या एका कानामागे सारल्या होत्या. ज्या माणसाला आजवर कोणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, तो खाटेवर चढला.

"कालपासून हा चाकू कोणाच्या हातात हाय? माझ्या. कोणी पाहून राहिलं का तो केव्हा मिटते? मी पाहून राहिलो. मंडपात मिटला, त्याच्या आधी काय झालं होतं? गाडीत मिटला, त्याच्या आधी काय झालं होतं? आता दोनदा मिटला, त्याच्या आधी?"

कोणाला आठवेना. बँडमास्तर म्हणाला, "आम्ही वाजवलं होतं."

"वाजवल्यानं चाकू मिटत नाई! मिलमधी मशीनच्या पट्ट्याले तेल लागलं का पट्टा पुलीवरून सरकते. मंग आम्ही पुली आवळत नाई, पट्टा वाकवत नाई. तेल पुसतो! ही पट्टी पात्याच्या टाचेले धरून उभी राहते, आणि तिच्या पायाखाली कोणी तेल ओतून राहिलं!"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. आत्या वाटी घेऊन उभ्या होत्या. पिवळं झालेलं बोट हवेत होतं, कारण चाकू मिटल्याबद्दल त्या आणखी एकदा लावणार होत्या.

"हळद लावू नाई?" त्या म्हणाल्या. "मंग का गिरीस लावू? आमच्या बापजाद्याच्या कट्यारीले पिढ्यान्‌पिढ्या हळद लावून राहिलो आम्ही. मिटली का एकतरी?"

हे खरं होतं. कट्यारीला मिटताच येत नाही, हे कोणाच्या ध्यानात येईपर्यंत जरा वेळ गेला.

मग धांदल उडाली, पण आता कामाची. कोणाच्या तरी मोटारसायकलमधून गुलशनने कपभर पेट्रोल काढलं. नवरदेवाच्या नव्या कोऱ्या बॅगेतून नवा कोरा टूथब्रश निघाला. टिकेशने स्वतः चाकू उघडला, पट्टी अंगठ्याने बाजूला धरली आणि आत ब्रश घातला. आत काय होतं म्हणून सांगू! दूध आटलेल्या पातेल्याची खरवड निघावी तशी पिवळी, चिकट पपडी निघाली. जवसाचं तेल वाळलं की गोंद होतं. तेव्हा आधी ते पट्टीला पुरतं बाहेर येऊ देत नव्हतं, आणि आली तर वरचं ताजं तेल तिला टिकू देत नव्हतं. जुन्या आणि नव्या पिढीने मिळून काम केल्याचं इतकं चांगलं उदाहरण मी दुसरं पाहिलं नाही.

"काढ, काढ, तिकडून काढ!" वऱ्हाड ओरडत होतं. "त्या कोपऱ्यात हाय अजून!" एक म्हातारी चष्मा पुसून परत वाकली. दुलीचंदांनी काडीला कापूस गुंडाळून दिला. मामांनी तो काढून घेतला आणि आपल्या हाताने गुंडाळून दिला. ढाब्यावाल्याने भट्टीतली कोरडी राख आणली. त्या राखेने टिकेशने पट्टीचं तोंड आणि पात्याची टाच घासून लख्ख कोरडी केली.

टिकेशने पातं उघडलं.

खट्!

हा आवाजच निराळा होता. पुन्हा मिटवलं, उघडलं. खट्! टायरवर आपटलं. खाटेच्या पायावर आपटलं. ट्रकवाल्याने आपटलं, बँडमास्तराने आपटलं, ढाब्यावाल्याने चहा ओतायचा सोडून येऊन आपटलं. पातं हललं नाही. मामांनी वाकवलेली पट्टीही आता उपयोगी पडली, असं मामांचं मत आहे. पट्टीचं मत कोणी विचारलं नाही.

"वाजवा!" टिकेशच ओरडला.

आणि आत्या पुढे आल्या. बँड पुन्हा थांबला. आत्यांच्या हातात वाटी होती आणि डोळ्यांत पाणी. "म्हणजे माझ्या हातची हळद नकोच का आता?" त्या म्हणाल्या. लग्नातली आत्या रुसली म्हणजे काय होतं ते ठाऊक असलेली जुनी माणसं हळूच बसकडे सरकू लागली.

टिकेश खाटेवरून उतरला. गुडघ्यावर बसला आणि तोंड वर केलं. "चाकूच्या वाटची मले लावा, आत्या. किती लावता तितकी लावा. मी मिटत नाई."

आत्यांनी लावली. गालाला, कपाळाला, कानाला, कानामागे, आणि उरलेली वाटी मानेवर उपडी केली. शेरवानीची कॉलर कायमची गेली. पण आत्या हसल्या, आणि मग जो बँड वाजला तो महामार्गाच्या पलीकडच्या ढाब्यावरचे लोकही नाचेपर्यंत वाजला. दोन्ही बाजूंचे ट्रक थांबले. त्यांना वाटलं निवडणुकीचा निकाल लागला.

देवरी गेलं. जंगल सुरू झालं. गुलशन स्पीडब्रेकर दिसला की हॉर्न वाजवून गाडीतल्या सर्वांना सावध करायचा. प्रत्येक वेळी लिंबू डोलायचं आणि प्रत्येक वेळी जागच्या जागी राहायचं. मामांना हळूहळू पुन्हा शब्द फुटू लागले.

नवरीच्या गावाच्या वेशीवर दिव्यांची माळ लावली होती. अंधार पडायचा होता तरी ती पेटवली होती. आणि रस्त्याच्या मधोमध खुर्ची होती.

खुर्चीवर सुखवंता आजी.

बारीक बाई. पांढरे केस, जाड काचांचा चष्मा, मांडीवर पदराचं टोक घट्ट धरलेलं. बाजूला सगळं गाव उभं होतं. एका गच्चीवर योगेश्वरी दिसली. तिने मुंडावळ्या वर करून पाहिलं आणि फोन उंचावून टिकेशचा फोटो काढला. टिकेशला तेवढ्यातही हसू आलं.

"हात ताठ," मामा पुटपुटले. "हात ताठ ठेव, बेटा."

टिकेश गाडीतून उतरला. चाकू पुढे, लिंबू वर. आमच्या बँडने वाजवायचं धाडसच केलं नाही. त्याच वेळी मुलीकडच्या कोणीतरी आनंदाने सुतळी बॉम्ब लावला, तो नेमका बोलेरोच्या मागे फुटला. टिकेश दचकला, आणि चाकू बोनेटवर खणकन आदळला.

आत्यांनी डोळे मिटले. दुलीचंदांनी मामांचा हात धरला. हे पहिल्यांदाच घडत होतं.

पातं उघडंच होतं. लिंबू होतं तिथेच होतं, जरा कललं होतं इतकंच.

आजी उठल्या. काठी टेकत टेकत आल्या. टिकेशचं मनगट धरून त्यांनी चाकू आपल्या चष्म्यापाशी नेला, आणि पातं, टोक, लिंबू, सगळं सावकाश निरखलं. आमच्यापैकी कोणी श्वास घेत असेल तर त्याने तो लपवून घेतला. मामा खाकरले. संस्कृतीचा जन्म त्यांच्या ओठांवर आला होता.

आजींनी टिकेशच्या पिवळ्याजर्द चेहऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा लिंबाकडे, आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"बाबू, हे लिंबू लागते का तुमाले? नाई त मले द्या. उन्हानं सकाळपासून मळमळून राहिलं."